सांगलीचा ओटीपी आणि तोक्योचं दुकान

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी रात्री नऊ वाजता आमच्या घरी तीन पिढ्या एका ओटीपीची वाट बघत बसल्या होत्या. इकडे तोक्योत मी आणि माझा नऊ वर्षांचा पोरगा, तिकडे सांगलीत संध्याकाळचे साडेपाच, बाबा चहाचा कप बाजूला ठेवून माझं जुनं सिम असलेला छोटा फोन हातात धरून बसलेले, आणि दुसऱ्या फोनवर आमच्याशी व्हॉट्सअॅप कॉल चालू. "आला का?" "नाही अजून." "आता?" "थांब गं, रेंज बघतो," म्हणून बाबा गॅलरीत जाऊन आले. मग एकदम टिंग वाजलं आणि बाबा ज्या उत्साहात ओरडले ना, लॉटरी लागल्यासारखं, "आला आला, लिही, चार शून्य सात दोन." मी म्हटलं पुढचे दोन आकडे? बाबा म्हणाले चारच आहेत. मी म्हटलं असं कसं, बँकेचा सहा आकडी असतो. तेवढ्यात मागून आईचा आवाज, "अहो तो सिलिंडरचा आहे, उद्या गॅसवाला आला की त्याला सांगायचाय, पोरीला काय देताय!"

आता हे सगळं कशासाठी तर एका व्हिडिओ गेमसाठी.

झालं असं, की पोराला वाढदिवसाला निंटेंडो स्विच २ घेऊन दिला. हातात धरून खेळायचं ते मशीन, टीव्हीला पण लागतं. जून २०२५ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा जपानात इतकी झुंबड होती की कंपनीच्या स्वतःच्या साइटवर लॉटरी होती आणि त्यात म्हणे २२ लाख लोकांनी नाव घातलं होतं, आम्ही त्या भानगडीत पडलो नाही, गर्दी ओसरल्यावर दुकानात जाऊन घेतला. दुकानात गेल्यावर कळलं दोन प्रकार आहेत. तेव्हा एक ४९,९८० येनचा होता आणि एक ६९,९८० येनचा, मशीन सेम टू सेम, फरक एवढाच की स्वस्तातला फक्त जपानी बोलतो. सगळे मेनू जपानी, आणि त्याला फक्त जपान देश निवडलेलंच अकाउंट जोडता येतं. सरळ २०,००० येनचा फरक. नवरा म्हणाला पोरगं इथल्याच शाळेत जातं, त्याला हिरागाना, म्हणजे जपानी अक्षरं, येतात, आपल्याला कुठं खेळायचंय. मी पण म्हटलं बरोबर आहे, सांगलीच्या माणसाला २०,००० येन वाचतायत म्हटल्यावर दुसरं काही ऐकूच येत नाही.

पोराचं जुनं अकाउंट आम्ही पुण्यात असताना अमेरिकेचा देश टाकून केलेलं होतं, ते बदलून जपान केलं, त्यात पैसे शिल्लक नव्हते म्हणून पटकन झालं. आणि मग दुकानात, म्हणजे मशीनमधल्या ऑनलाइन दुकानात, गेम विकत घ्यायला गेलो आणि तिथं घोडं अडलं.

आमच्याकडे इथलं क्रेडिट कार्ड नाही. नवऱ्याने आल्या आल्या अर्ज केला होता, तो परत आला. का ते कुणी सांगत नाही, इथं नवीन आलेल्या बऱ्याच जणांचं असं होतं, राहून किती दिवस झाले, नोकरी किती जुनी, फोन नंबर कुणाच्या नावावर, सगळं बघतात. त्यामुळे मी माझं भारतातलं कार्ड काढलं. पोरगं मला स्क्रीनवरचं वाचून दाखवणार आणि मी आकडे सांगणार अशी आमची वाटणी. सोळा आकडे, महिना, वर्ष, मागचे तीन आकडे. स्क्रीनवर एक ओळ आली. पोराने अक्षर अक्षर लावून वाचली आणि म्हणाला, "आई, हे कार्ड वापरता येणार नाही म्हणतंय." मी म्हटलं नीट वाच. म्हणाला नीटच वाचलं, तूच वाच मग. (हे उत्तर हल्ली रोज मिळतं. शाळेची नोटीस असो नाहीतर शाम्पूची बाटली, या देशात घरातला शिकलेला माणूस एकच आणि तो चौथीत आहे.)

माझा पहिला संशय अर्थातच बँकेवर. कारण २०२० पासून आपल्याकडे आरबीआयचा नियम आहे, नवीन कार्ड येतं ते फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनपुरतं चालू असतं, ऑनलाइन आणि परदेशातला वापर आपण स्वतः चालू करायचा असतो. माझं कार्ड मध्यंतरी बदलून आलेलं, म्हणजे तेच असणार. आता चालू करायचं तर बँकेचं अॅप लागतं, अॅपला फोनमध्ये तेच सिम लागतं, आणि सिम बाबांच्या फोनमध्ये. बँकेचा टोल फ्री नंबर परदेशातून लागत नाही हे मला दहा वेळा लावल्यावर कळलं, कार्डाच्या मागे बारीक अक्षरात प्लस ९१ वाला नंबर असतो तो लावायचा. तो लावला, वीस मिनिटं गाणं ऐकलं, मग त्या बिचाऱ्या मुलीवर मी पुरेसा आवाज चढवला, ती शांतपणे म्हणाली मॅडम नेट बँकिंगमधून पण होतं. झालं. लॅपटॉपवर दोन मिनिटांत झालं. परदेशातले व्यवहार चालू, मर्यादा पण वाढवली, आणि मग वरचा तो बाबांचा सीन. ओटीपी काही आला नाही. परत तीच ओळ. पोरगं तर आता न वाचताच सांगत होतं.

उलगडा केला खालच्या मजल्यावरच्या नागपूरच्या ताईंनी. आम्ही तोक्योतल्या निशिकासाईला राहतो, तोझाई मेट्रो लाइनवर, इथं २००० च्या आसपास आयटीवाले यायला लागले तेव्हापासून भारतीय लोकांची वस्तीच झाली आहे, त्यामुळे लिफ्टमध्ये मराठी ऐकू येणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. ताई कचऱ्याची पिशवी घेऊन चालल्या होत्या, मी माझं रडगाणं सुरू केलं तर मधेच तोडून म्हणाल्या, "अगं, बाहेरची कार्डं बंद केली ना त्यांनी! मार्चपासूनच."

आणि खरंच होतं. २५ मार्च २०२५ पासून निंटेंडोच्या जपानी ऑनलाइन दुकानात परदेशात काढलेली क्रेडिट कार्डं आणि परदेशात उघडलेली पेपॅल खाती चालत नाहीत. गैरव्यवहार रोखायला म्हणून, आणि हे त्यांनी जानेवारीतच जाहीर केलं होतं. म्हणजे दुकानाने सांगून ठेवलेलं, बँकेचा काही संबंध नाही, बाबा उगाच गॅलरीत फिरले आणि त्या कॉल सेंटरच्या मुलीला मी विनाकारण बोलले. ओटीपी येणारच नव्हता, कारण आमचं कार्ड बँकेपर्यंत पोचतच नव्हतं, दारातच ओळखून परत पाठवत होते.

ताईंनीच सांगितलं, कोंबिनीत जा, प्रीपेड कार्ड घे, सगळ्यात सोपं. कोंबिनी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं चोवीस तास उघडं दुकान. तिथं एका उभ्या स्टँडवर पातळ पुठ्ठ्याची कार्डं लटकलेली असतात, वाणी दुकानात शाम्पूच्या पुड्या लटकतात तशी. नुसतं उचलून नेलं तर ते कार्ड म्हणजे कागद, गल्ल्यावर पैसे घेऊन स्कॅन केल्यावरच त्यात जीव येतो. मी एक ५,००० चं आणि एक ३,००० चं घेतलं आणि ऐटीत डेबिट कार्ड पुढे केलं. गल्ल्यावरचा मुलगा नेपाळचा होता, इथं कोंबिनीत नेपाळची खूप मुलं शिकता शिकता काम करतात, आणि आमचं संभाषण नेहमी हिंदीतच होतं. म्हणाला, "दीदी, इसके लिए कैश." बाहेरच्या एटीएममधून पैसे काढून परत आले. कार्ड चालत नाही म्हणून कार्ड घ्यायचं आणि ते घ्यायला पण कार्ड चालत नाही, यावर मी काय बोलणार.

पण पैसे घ्यायच्या आधी त्याने मला गल्ल्याजवळ चिकटवलेला एक कागद दाखवला आणि जरा संकोचूनच विचारलं, दीदी, फोनवर कुणी सांगितलं म्हणून तर घेत नाही ना? मला आधी कळेना. मग त्याने सांगितलं, इथं म्हाताऱ्या माणसांना फोन येतात, तुमचे पैसे थकलेत, प्रीपेड कार्ड घ्या आणि त्यावरचा नंबर वाचून दाखवा, म्हणून दुकानातल्या लोकांना विचारायला सांगितलेलं असतं. म्हणजे आपल्याकडच्या डिजिटल अरेस्टचा चुलत भाऊच. मी हसून म्हटलं नाही रे बाबा, माझ्या मुलाने सांगितलंय, तो समोर उभा आहे. तो पोराकडे बघून म्हणाला, हे तर त्याहून वाईट.

घरी येऊन पोराने मागची चंदेरी पट्टी खरवडायला घेतली, एक येनच्या नाण्याने. हे नाणं अॅल्युमिनियमचं, बरोबर एक ग्रॅम वजनाचं, फुंकर मारली तर उडेल असं, मला वाटलं याने काय होणार. पण साहेबांचा जोरच इतका की पट्टीबरोबर खालची शाई पण निघाली. सोळा अक्षरांचा कोड असतो, त्यातलं अकरावं अक्षर आठ आहे का बी हे सांगता येईना. मशीनच्या स्क्रीनवरचा कीबोर्ड ओ आणि आय ही अक्षरं दाबूच देत नाही, शून्य आणि एकशी गोंधळ होऊ नये म्हणून, पण आठ आणि बीचं त्यांना काही सुचलेलं दिसत नाही. आठ टाकलं, चूक. मग कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरून, फोनवर फोटो मोठा करून बघितलं, डावीकडची रेघ सरळ वाटली, बी टाकलं. वर ५,००० येन दिसले. पोरगं गादीवर उड्या मारायला लागलं, खाली ताई राहतात म्हणून मी गप्प केलं. दुसरं कार्ड मी स्वतः खरवडलं, आणि कोड माझ्या फोनवरून साइटवर टाकला, हे मला आधी माहीत असतं तर ते जॉयस्टिकने एकेक अक्षर शोधणं वाचलं असतं.

तरी दर वेळी रोख घेऊन कोंबिनीत कोण जाणार, म्हणून मागच्या महिन्यात मी इथल्या बँकेच्या डेबिट कार्डाच्या मागे लागले. ते कार्ड जपानातच निघालेलं, म्हणून चालायला हवं. पण ऑनलाइन वापराला त्याची आधी ओळख पटवण्याची नोंदणी लागते, आपल्या ओटीपीसारखंच, इथंही मार्च २०२५ च्या अखेरीपर्यंत ऑनलाइन दुकानांनी ते लावायचं असं ठरलं होतं. आणि नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लिहायचं. आता आमच्या आडनावात क्ष आहे. क्ष काताकानात कसा लिहायचा यावर एकमत नाही, रहिवासी नोंदणी करताना एकाने एक लिहिला, बँकेतल्या बाईंनी दुसरा, आणि शाळेत तिसराच आहे. शिवाय आपली पद्धत म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, ते सगळं जोडून इतकं लांब होतं की बँकेच्या चौकटीत मावत नाही आणि नवऱ्याचं नाव अर्ध्यात तुटलंय. तीन वेळा फॉर्म परत आला. चौथ्यांदा माझ्या लक्षात आलं की फॉर्मला हान्काकु काताकाना हवंय, म्हणजे अर्ध्या रुंदीची अक्षरं, आणि मी पूर्ण रुंदीची टाकत होते. डोळ्याला दोन्ही सारखीच, एक जरा बारकी, बस्स. आपल्याकडे फॉर्म भरताना "कॅपिटल अक्षरात लिहा" असतं ना, तसलं काहीतरी.

शेवटी पासबुकाचं पहिलं पान उघडलं, तिथं बँकेने नाव जसं छापलंय, तुटलेल्या नवऱ्यासकट, तसंच्या तसं अक्षर बघून उतरवलं, मधे जिथं जागा सोडली होती तिथं जागा सोडली. लगेच झालं. इकडे येणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एवढं लक्षात ठेवा, तुमचं नाव काय आहे याला महत्त्व नाही, पासबुकात काय छापलंय ते खरं.

डेबिट कार्ड मशीनला जोडलं, इथल्या नंबरवर कोड आला, सहा आकडी, माझ्याच फोनवर. पोराला सांगून ठेवलंय की मला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. रविवारी बाबांचा फोन आला, पहिलं वाक्य, "काय गं, तुमच्या त्या गेमचं झालं का? मी फोन रोज चार्ज करून ठेवतोय." मी सांगितलं झालं बाबा, आता इथलंच कार्ड लावलं, तुमच्याकडे काही येणार नाही. जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. सिम मात्र राहू दे माझ्याकडं. रिचार्ज आहे अजून महिनाभर."