वीस व्हॉल्यूमची बाटली

मे महिन्यातली गोष्ट. सांगलीत वळीव झोडपून गेला आणि विश्रामबागेतली लाईट गेली. रात्री एका डॉक्टरांचा फोन आला, "इन्व्हर्टर बसलाय, मासे वर येऊन तोंड मारायला लागलेत!" त्यांच्या वेटिंग रूममधली तीनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्याकडे देखभालीला आहे. बॅटरीवरचा पंप नेमका मिरजेच्या गिऱ्हाइकाकडे अडकलेला.

टॉर्च मारला तर दोन्ही क्लाउनफिश पाण्याच्या काठाला तोंड लावून, कल्ले भराभर हलतायत. यलो टँग हा पिवळा मासा कोपऱ्यात तिरका. पाणी ३० अंशांवर. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळात गोड्यापेक्षा कमी विरघळतो. या तापमानाला लिटरमागे जेमतेम ६ मिलिग्रॅम. त्यात वरचं पाणी हलत नाही, आणि दगडांवरचे जीवाणू तर अंधारातही ऑक्सिजन खातच असतात.

डॉक्टरांनी ड्रेसिंगच्या ट्रेमधनं हायड्रोजन पेरॉक्साइड काढलं. "यातनं ऑक्सिजनच निघतो ना? ओततो."

"थांबा डॉक्टर, लेबल बघू."

६ टक्के, २० व्हॉल्यूम, म्हणजे एक मिलीतनं वीस मिली ऑक्सिजन वायू सुटेल एवढं तीव्र. रीफ, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठी चाळीस लिटरला एक मिली असा जो डोस सांगतात, तो ३ टक्क्यांच्या द्रावणाचा. म्हणजे तीनशे लिटरला साडेसात मिली; इथलं द्रावण दुप्पट तीव्र, म्हणून निम्माच, सुमारे ४ मिली. पार्लरमधलं केसांचं पेरॉक्साइड मात्र कुणी आणू नये, त्यात बाकीचं काय काय मिसळलेलं असतं. टाकीतल्या क्लीनर कोळंबीला, म्हणजे माशांचं अंग साफ करणाऱ्या कोळंबीला, हे औषध सोसत नाही, म्हणून आधी तिला पसरट ट्रेमध्ये टाकीच्याच पाण्यात काढलं. मग सिरिंजनं मोजून, एक जग पाण्यात मिसळून, प्रवाळांपासून लांब हळूहळू सोडलं.

आता हिशेब बघा. ४ मिलीत पेरॉक्साइड २४० मिलिग्रॅम, त्यातनं ऑक्सिजन सुटणार सुमारे ११३. तीनशे लिटरला वाटला तर लिटरमागे ०.४ सुद्धा नाही, आणि तोही एका दमात सुटत नाही. डोस वाढवावा तर मासेच भाजायचे.

"याच्यावर रात्र निघायची नाही. प्लास्टिकचा जग घ्या. तांब्याचं भांडं नको, ते कोळंबीला विष."

कंपाउंडरमामा स्टुलावर चढले. जग भरायचा, हातभर उंचीवरून ओतायचा, परत भरायचा. पाळीपाळीनं आम्ही तिघंही. फरशीवर खाऱ्या पाण्याचं तळं झालं. तासाभरानं टँग सरळ झाला, क्लाउनफिश खाली उतरले. लाईट आली पहाटे दोनला.

दुसऱ्या दिवशी कोळंबी परत सोडायला गेलो, तर डॉक्टर पेशंटला रंगवून सांगत होते, "चार थेंब पेरॉक्साइड, आणि सगळे मासे टुणटुणीत!"

मामा खांदा चोळत म्हणाले, "आणि मी रात्रभर काय देवाला अभिषेक घालत होतो व्हय?"