एक दगड इकडे, एक दगड तिकडे

रात्रीचे साडेआठ. तंबूत, टॉर्चच्या उजेडात.

पोचलो एकदाचे गरम पाण्याच्या कुंडापाशी. नकाशावर बोटभर दिसणारी वाट प्रत्यक्षात सात तासांची निघाली, त्यातला शेवटचा तास ओढ्याच्या पात्रातून गोट्यांवर उड्या मारत. पायांविषयी काही लिहीत नाही.

कुंड दिसायच्या आधी वास आला. सडक्या अंड्यांचा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून हुश्श करायचं नाही, हे सोबत आलेल्या ह्याला वाटेत दहा वेळा बजावून झालं होतं. इथे मात्र मोकळं पात्र आणि भणाणता वारा, त्यामुळे माझी सगळी तयारी वाया.

पाणी खडकाच्या भेगेतून येतं. थर्मामीटर धरला तर ६८ अंश. ज्वालामुखी वगैरे काही नाही आसपास. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापतं आणि वाट सापडली की निवायच्या आत वर येतं. हे सगळं वाचलेलं होतं, तरी तळहाताखाली खडक गरम लागला तेव्हा चरकलेच.

खरी गंमत दगडांची. कुणीतरी, कधीतरी, ओढ्याकाठी गुडघाभर उंचीचा बांध रचून ठेवलाय. एका अंगानं कढत पाणी येतं, दुसऱ्या अंगाला बांधात फट, तिच्यातून ओढ्याचं गार पाणी. फटीत किती दगड ठेवायचे, यावर सगळं. आम्ही आलो तेव्हा ४६ अंश. नारळाएवढा एक दगड काढला, तर थोड्या वेळात ३५. परत लावला, तर पुन्हा चटका. शेवटी तोच दगड आडवा करून चार खडे ठोसले आणि ३९ वर जमलं. जमलं असं वाटलं, कारण गरम पाणी वर तरंगतं आणि गार तळाशी बसतं. खांदे भाजतायत, टाचा गारठल्यात! हातांनी पाणी ढवळत राहायचं, हाच उपाय. अंघोळीपेक्षा गवंडीकामच जास्त झालं, आणि खरं सांगायचं तर मला तेच आवडलं.

ह्याला डुबकी मारायची होती. ओरडून थांबवला. अशा कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो, तो नाकातून मेंदूत जातो. क्वचितच होतं, पण झालं तर माणूस बहुधा वाचत नाही. तोंड पाडून बसला मग, मान वर काढलेल्या कासवासारखा.

भेगेपासून खाली खडकावर केशरी, पुढे हिरवी, बुळबुळीत साय. हे जिवाणूंचे थर. १९६६ साली अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून असाच उष्णताप्रिय जिवाणू वेगळा काढला होता, थर्मस ॲक्वाटिकस. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या भराभर प्रती काढायच्या तंत्रात, वापरतात ते एंझाइम मुळात त्याचं. त्या सायीवर पाय द्यायचा नाही असं ठरवलं, आणि दुसऱ्याच पावलाला घसरले.

चांदीची अंगठी काढायची राहिली. आता बघते तर त्या वासाच्या वायूनं काळी ठिक्कर.

पहाटे पुन्हा उतरायचंय. पण आधी त्या दगडाचं बघावं लागेल. रात्रीत ओढा थोडा जरी चढला-उतरला, तर ३९ कुठलं राहतंय.