'मैदान तिचं' अपडेट: पट्टे बसले, आणि अर्ध्या अक्षरांची भिंत

झालं एकदाचं! बायकांच्या फुटबॉलवरच्या आपल्या 'मैदान तिचं' या प्रदर्शनाचा लोगोटाइप, म्हणजे नावाच्या अक्षरांचाच लोगो, जमला. शिरोरेषेला क्रॉसबार (गोलची वरची आडवी दांडी) करून तिच्यावर १९७१च्या मेक्सिकोतल्या बायकांच्या वर्ल्ड कपमधल्या गोलपोस्टचे गुलाबी-पांढरे पट्टे मारायचे हा हट्ट सोडून दिलाय. पांढरा पट्टा आला की शिरोरेषा तुटते, ती तुटली की म आणि द सुटे सुटे लोंबायला लागतात, आणि तिकिटाच्या साइझला तर काहीच वाचता येत नाही. पण खांब आपल्या अक्षरांत आधीपासूनच आहेत की! म, न, त, च सगळ्यांना उभा दंड, शिवाय 'दा'चा काना आणि 'ति'ची वेलांटी. तर आता शिरोरेषा भरीव, पट्टे फक्त दंडांवर.

इथून खरी कटकट सुरू झाली. दंडावर सारख्या अंतराने पट्टे मारले की काम झालं असं वाटतं, पण अक्षर दंडाला जिथे चिकटतं ती जागा प्रत्येकाची वेगळी. त आणि न साधारण मध्यावर, म त्याहून खाली, च-चं पोट अजून तिसरीकडेच. हा सांधा पांढऱ्या पट्ट्यावर आला की अक्षराचा डावा भाग हवेत तरंगतो, म-ची गाठ तर नुसता ठिपका वाटते. पट्टे बारीक केले तर लांबून सगळा दंड फिका गुलाबी दिसतो, जाड केले तर एका दंडात जेमतेम दोन मावतात आणि पट्टे आहेत हेच कळत नाही. सगळे सांधे एका उंचीवर आणायचं पण करून बघितलं, म-ची गाठ वर ढकलली, तर अक्षराचा सगळा भार शिरोरेषेखाली गोळा झाला आणि म बेढब दिसायला लागला, त्याला हात लावायचाच नाही असं ठरवून टाकलं.

शेवटी उलटीकडनं घेतलं. आधी सांध्यावर गुलाबी पट्टा बसवायचा आणि मग उरलेली जागा वर-खाली वाटून द्यायची. त्यामुळे शेजारच्या दंडांवरचे पट्टे एका ओळीत येत नाहीत, आणि तेच काय सुंदर दिसतंय! ब्रशने एकेक खांब रंगवल्यासारखे वाटतात. इंकस्केप हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एकच सांगणं, दंड कापू नका, पट्ट्यांचा ग्रुप करून दंडाच्या आकारात क्लिप करा, म्हणजे पट्टे कधीही सरकवता येतात.

हे करताना अजून एक सापडलं. 'मैदान'चा शेवटचा दंड आणि 'तिचं'मधल्या वेलांटीचा दंड समोरासमोर उभे आहेत. दोन शब्दांमधून शिरोरेषा तशीच पुढे नेली की मधली जागा म्हणजे अख्खा फुटबॉलचा गोल! खरा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, म्हणजे तीनास एक. एवढी फट तिकिटावर परवडत नाही, तिथे शब्द एकाखाली एक. पण प्रवेशाच्या भिंतीवर मी तो रेशो सोडणार नाही. अनुस्वाराचा बॉल करा असं बऱ्याच जणांनी सुचवलंय, ते मात्र नाही करणार, बॉल प्रत्येक स्पर्धेच्या लोगोत असतो, आपली गोष्ट मैदानाची आहे.

प्रेस्टनचं दालन त्यामानाने पटकन सुटलं. इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या 'डिक, कर लेडीज' या बायकांच्या टीमच्या शर्टावर काळे-पांढरे उभे पट्टे होते, म्हणून दंड उभाच चिरला, डावी पट्टी काळी ठेवली, अक्षर तिलाच चिकटतं, सांध्याचा प्रश्नच नाही.

पण त्याच्या पुढची भिंत मला फार दिवस छळत होती. २६ डिसेंबर १९२० ला गुडिसन पार्कवर या बायकांची मॅच बघायला ५३,००० माणसं येतात आणि वर्षभराच्या आत, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडची फुटबॉल संघटना, एफए, आपल्या क्लबांना सांगते की बायकांना मैदानं देऊ नका. ही बंदी उठायला १९७१ उजाडलं. ते वाचून दर वेळी संताप होतो. तिथे मी काळा चौकोन टाकणार होते. आता ते रद्द, कारण दंड म्हणजे खांब असतील तर मैदान काढून घेणं म्हणजे दंड काढून घेणं, आणि आपल्या लिपीत दंड काढला की अक्षर अर्धं होतं! म अर्धा, न अर्धा, त अर्धा, च अर्धा, वर शिरोरेषा तशीच. काना तर नुसता दंडच, तो गेला की तिथे काहीच उरत नाही, म्हणून त्याची जागा रिकामी सोडलीये. अख्ख्या ओळीत पूर्ण राहतो तो एकटा द. प्रेस्टनची टीम बंदी असूनही १९६५पर्यंत खेळत राहिली, तर त्यांची माहिती मी द-च्या बरोब्बर खाली लावणार.

छपाई: डिजिटलवाल्याकडचा प्रूफ परत केला, गुलाबी मागितला तर मळकट राणी कलर आला. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या नेहमीच्या चार शायांत, हा झगझगीत गुलाबी निघतच नाही, त्यामुळे पोस्टर स्क्रीन प्रिंटच, फ्लुरोसंट शाई वेगळी मागवून.

आणि हे लिहिता लिहिताच शेवटच्या दालनाचा प्लॅन बदलतोय. मी १९८०च्या कोझिकोडवर थांबणार होते, बायकांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेत भारत उपविजेता. पण २३ जानेवारी २०२२, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, समोर चायनीज तैपेई (म्हणजे तैवान), आणि कोविडमुळे आपल्याकडे नियमात बसतील अशा १३ मुलीही उभ्या राहू शकल्या नाहीत, मॅच रद्द आणि आपण आपल्याच घरच्या आशिया कपमधून बाहेर. तिथे बंदीच्या बरोबर उलटं करायचं, फक्त दंड उभे, पट्ट्यांसकट, आणि अक्षरं नाहीत. आत्ताच कच्चं काढून बघितलं, नुसत्या दंडांवरून शब्द ओळखू येत नाही, पण सुरुवातीपासून चालत आलेल्या माणसाला येईल असं वाटतंय. शिरोरेषा ठेवू का काढू, यावर तुमचं मत हवंय, शनिवारी पॉझिटिव्ह (स्क्रीन प्रिंटसाठीची फिल्म) काढायला देणारे त्याच्या आत सांगा.