कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमधला केक: कुठलं बटण कशासाठी

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घरात आला की पहिले काही महिने हौसेनं केक होतात, मग दोन-तीन बिघडतात आणि ते यंत्र दूध तापवायला आणि पापड भाजायला उरतं. बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा कृतीत नसतं, मोडमध्ये असतं.

या एका खोक्यात तीन वेगळी यंत्रं आहेत. मायक्रो मोडमध्ये लहरी पदार्थातलं पाणी थेट तापवतात, आतली हवा मात्र थंडच राहते. ग्रिलमध्ये वरची कॉइल तापते आणि फक्त वरचा थर भाजते. कन्व्हेक्शनमध्ये कॉइलच्या जोडीला पंखा असतो, तो गरम हवा चहूबाजूंनी फिरवतो. खरा ओव्हन तो हाच, आणि केकला लागतो तोही हाच. मायक्रोवर चार मिनिटांत केक फुगतो खरा, पण त्याला रंग येत नाही, कारण वरचा पृष्ठभाग भाजण्याइतका तापतच नाही. गार झाल्यावर तो रबरासारखा ताणला जातो. लगेच खायचा मगमधला केक तेवढा मायक्रोवर ठीक.

कॉम्बिनेशन मोड केकसाठी विसरून जा. त्यात गरम हवेबरोबर मायक्रो लहरीही चालू असतात, त्यामुळे मिश्रण पुरतं फुगायच्या आत मधूनच शिजून घट्ट होतं. शिवाय अॅल्युमिनियमचा टिन त्यात ठेवता येत नाही. पत्र्याचा किंवा अॅल्युमिनियमचा टिन फक्त कन्व्हेक्शनवर चालतो, तोही आतल्या भिंतींना न टेकता. ऑटो कुकमधलं 'केक' हे बटणही तितकंच बिनकामाचं: ते कंपनीनं ठरवलेलं वजन आणि टिन धरून चालतं, तुमचं मिश्रण त्याला ठाऊक नसतं.

टिन घ्यायचा तर भांडी बाजारात जाण्याआधी आतली काचेची फिरती थाळी मोजून जा. २५ ते २८ लिटरच्या यंत्रात ७ इंची गोल टिन निवांत फिरतो, ८ इंचीही बहुधा बसतो. लांबट ब्रेडचा टिन फिरताना कोपऱ्यात अडकतो आणि केक एका बाजूनं करपतो. टिन थेट थाळीवर ठेवू नका. सोबत आलेल्या बुटक्या जाळीवर ठेवा म्हणजे खालूनही हवा लागते. उंच जाळी ग्रिलची, तिच्यावर केकचा माथा कॉइलच्या फार जवळ जातो.

प्रीहीट १८० अंशांवर, जाळी आत ठेवून. बीप वाजली की हवा तापलेली असते, पण भिंती आणि जाळी अजून मागे असतात. म्हणून आणखी पाच मिनिटं जाऊ द्या. प्रीहीट करताना मोड कन्व्हेक्शनच आहे ना हे दोनदा बघा, कारण रिकामं यंत्र मायक्रोवर चालवलं तर मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, खराब होऊ शकतो. कन्व्हेक्शनला दोन हजार वॅटच्या आसपास वीज लागते, तेव्हा प्लग १६ अँपिअरचा हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच.

आता रव्याचा केक, अंड्याशिवाय. बारीक रवा १७० ग्रॅम, मैदा ३० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, ताजं दही १८० ग्रॅम, दूध १२० मिली, बिनवासाचं तेल किंवा पातळ तूप ८० मिली, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड. दही, साखर आणि तेल एकजीव फेटा, मग रवा, मैदा आणि दूध घालून अर्धा तास झाकून ठेवा. ही अर्ध्या तासाची पायरी गाळली तर केक कोरडा आणि दाताखाली कचकचीत होतो, कारण रवा ओलावा हळूहळू पितो. अर्ध्या तासानं मिश्रण घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध वाढवा. चमच्यातून सलग धार न पडता गोळ्यागोळ्यानं पडायला हवं. सव्वा टीस्पून बेकिंग पावडर आणि पाव टीस्पून सोडा अगदी शेवटी, टिन आत जायच्या आधी. सोडा दह्याला लागताच वायू सुटायला लागतो. मिश्रण ओट्यावर राहिलं की तो तिथेच उडून जातो. बटर पेपर लावलेला ७ इंची टिन अर्ध्याहून थोडा वर भरेल. १७० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. ओटीजीची (साध्या ओव्हनची) कृती वापरत असाल तर तापमान दहा अंशांनी उतरवा, पंख्यामुळे इथे केकला उष्णता जास्त पोचते.

पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. फुगलेला केक तोवर नुसत्या हवेवर उभा असतो, पिठाचा सांगाडा अजून पक्का झालेला नसतो. मधे खड्डा पडला तर कारणं बहुधा तीन: दार लवकर उघडलं, सोडा जास्त झाला, किंवा आत कच्चा राहिला. डोंगरासारखा फुगून माथा फुटला तर उष्णता जास्त किंवा टिन लहान. वरून काळपट आणि आत ओला असेल तर १६० वर आणा आणि वर फॉइल घाला, पण कडा टिनखाली नीट दुमडा, नाहीतर पंखा ती उडवून लावतो. फॉइलही फक्त कन्व्हेक्शनवर चालते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे म्हणून केक बसतो, असं अधूनमधून ऐकू येतं. त्यात तथ्य नाही. उंचीसाठी कृती बदलायची वेळ साधारण ९०० मीटरच्या पुढे येते.

नाशिकमध्ये जानेवारी ते एप्रिल द्राक्षं घरोघरी असतात, तेव्हा ती केकमध्ये घालायचा मोह होतोच. ताज्या द्राक्षात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. अख्खी द्राक्षं मिश्रणात टाकली की ती तळाला जातात आणि भोवती चिकट कच्चा पट्टा राहतो, मैद्यात घोळवूनही फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा द्राक्षं आटवून वर पसरा. इथे मायक्रो मोड खरा कामाचा. २५० ग्रॅम काळी द्राक्षं (शरद सीडलेस असतील तर सालीचा रंग सुरेख उतरतो) कुस्करून घ्या, ३ टेबलस्पून साखर आणि चमचाभर लिंबाचा रस घाला. खोल काचेचं भांडं घ्या, कारण फेस चढतो. पूर्ण पॉवरवर आधी तीन मिनिटं, मग दर दोन मिनिटांनी ढवळत एकूण सात-आठ मिनिटं. थोडं पातळ असतानाच थांबवा, गार झाल्यावर घट्ट होतं.

कुस्करायचं मात्र न चुकता. एकमेकांना टेकलेली दोन द्राक्षं मायक्रोवेव्हमध्ये ठेवली तर त्यांच्यामधून ठिणगी उडते, चक्क प्लाझ्मा (विद्युतभारित, चमकणारा वायू) तयार होतो. द्राक्षाचा आकार आणि त्यातलं पाणी असं जुळतं की लहरी आत कोंडल्या जातात आणि दोन द्राक्षं टेकतात त्या जागी ऊर्जा एकवटते. कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये यावर रीतसर शोधनिबंध लिहिला. द्राक्षाच्या गावात एवढं माहीत असायलाच हवं.

गोडात केकपेक्षा सोपं आणि माझ्या मते जास्त चांगलं होणारं म्हणजे बेक्ड योगर्ट. चक्का २५० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, फ्रेश क्रीम १०० मिली, केशर. व्हिस्कनं हलक्या हातानं एकजीव करा. ब्लेंडर लावला तर हवा शिरते आणि वर भोकं पडतात. चक्का आंबट नको, आणि पाणी पूर्ण निथळलेला हवा. मिश्रण काचेच्या वाट्यांत भरा, वाट्या गोल टिनमध्ये ठेवा आणि टिनमध्ये वाट्यांच्या अर्ध्या उंचीपर्यंत गरम पाणी ओता. तळ सुटा होणारा टिन इथे नको, पाणी गळतं. कन्व्हेक्शन १६० अंश, २० मिनिटं. बाहेर काढताना कडा बसलेल्या आणि मधला भाग थरथरणारा हवा. बाकीचं काम फ्रिजमध्ये चार तासांत होतं. मधला भागही घट्ट होईतो ठेवलात तर पाणी सुटून रवाळ होतं. मायक्रोवर तर ते हमखास फाटतं.

नानकटाईला मैदा १२० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, तूप ९० ग्रॅम, पाव टीस्पून बेकिंग पावडर. १७० वर १५ ते १८ मिनिटं. काढताना मऊ लागते, गार झाली की खुसखुशीत होते. एप्रिल-मेमध्ये तूप पातळ असतं म्हणून ती पसरते. गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग भाजा. थंडीत उलटा त्रास. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत लोणी दगड होतं आणि फ्रिजमधलं दही घातलं की ते मिश्रणात गुठळ्या धरतं. लोणी २० टक्के पॉवरवर दहा-दहा सेकंदांनी तपासत मऊ करा, वितळू देऊ नका. दही तासभर आधी बाहेर काढून ठेवा.

मधेच वीज गेली तर दार बंदच राहू द्या. दहा मिनिटांत आली तर तेच तापमान लावून राहिलेल्या वेळेत पाच-सात मिनिटं वाढवा. बऱ्याच यंत्रांत सेटिंग पुसलं जातं, तेव्हा मोड पुन्हा कन्व्हेक्शनवर आहे हे बघून मगच स्टार्ट दाबा.