तुम्ही विचारलंत म्हणून : चित्रातले दुःख

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला, ओळखीच्यांकडच्या हळदीकुंकवाला, एकदा तर बँकेच्या रांगेतही हा प्रश्न मला विचारला गेला आहे. "एवढं सगळं सोसलंत, मग ते तुमच्या चित्रांत दिसत कसं नाही?" विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मी जाणते. एवढे सगळे म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. लग्न मोडल्याची हकीगत इथे पुन्हा सांगत बसत नाही. आजवर मी विषय बदलून, नाहीतर "दिसतं, नीट बघा" असे तुटक बोलून वेळ मारून नेली. त्याने प्रश्न काही थांबला नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

दुःख दिसणे म्हणजे ते चेहऱ्यावर दिसणे, असे तुम्ही धरून चालता, आणि माझा पहिला विरोध तिथेच आहे. रडणारी बाई काढणे अवघड नसते. डोळ्यांच्या कडा लालसर करायच्या, गालावर पांढऱ्याचा एक ठिपका द्यायचा, मान थोडी कलती ठेवायची. चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही हे करून दाखवेल. त्यातून बाई रडते आहे एवढे कळते. तिचे काय गेले ते कळत नाही, कारण जे गेले ते चित्रात नसतेच, आणि जे समोर नाही ते रंगवायचे कसे, याच अडचणीशी आम्ही आयुष्यभर झगडत असतो.

नॉर्वेच्या एडवर्ड मुंकने ही अडचण कशी सोडवली, ते पाहा. त्याचे 1896 चे 'ताटातूट' हे चित्र ऑस्लोच्या मुंक संग्रहालयात आहे. फिकट पोशाखातली तरुणी समुद्राकडे निघाली आहे आणि तिला नाकडोळे काढलेलेच नाहीत. मागे राहिलेला पुरुष काळ्या कपड्यांत, हात छातीवर दाबून उभा आहे, आणि तो हात रक्ताळल्यासारखा तांबडा आहे. तिचे केस मात्र वाऱ्यावर उलटे वाहत त्याच्यापर्यंत येतात. ती निघून गेली तरी तिचे काहीतरी त्याच्या अंगाला चिकटून राहिले आहे, आणि तिचा चेहरा तेवढा पुसला गेला आहे. ज्याने हे भोगले आहे त्याला यावर भाष्य लागत नाही. आणि 'स्वतः सोसल्याशिवाय असे निघत नाही' असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक सांगते. त्याच्या 'विषाद' या चित्रात किनाऱ्यावर गालाला हात लावून बसलेला माणूस मुंक नाही. तो याप्पे निल्सेन हा त्याचा मित्र आहे, आणि तो प्रेमभंगही मुळात त्या मित्राचा. मित्र चित्राच्या कोपऱ्यात ढकललेला आहे आणि दूर धक्क्यावर एक जोडपे अगदी लहानसे दिसते. सगळी वेदना त्या मधल्या अंतरात भरलेली आहे.

तुमच्यापैकी अनेक जण मला मेक्सिकोची चित्रकर्ती फ्रिडा काहलो हिचा दाखला देतात. तिने कसे उघड मांडले, तसे तुम्ही मांडा, असे सुचवतात. तिचे 'दोन फ्रिडा' हे चित्र 1939 चे, नवरा दिएगो रिवेरा याच्यापासून घटस्फोट झाला त्याच वर्षातले. त्यात हृदय खरोखरच बाहेर काढून दाखवले आहे, हे कबूल. पण दोन्ही चेहऱ्यांवर एक तरी अश्रू आहे का, ते तपासा. मेक्सिकोतल्या तेवाना बायकांच्या पारंपरिक वेषातल्या फ्रिडाच्या हातात दिएगोची लहानपणीची इवलीशी तसबीर आहे. तिथून निघालेली शीर दोन्ही हृदयांतून फिरून पांढऱ्या झग्यातल्या फ्रिडाच्या मांडीवर येते, आणि ती शस्त्रक्रियेच्या चिमट्याने रक्त थांबवायला बघते. झग्याच्या काठाजवळ लाल फुले भरलेली आहेत आणि त्यांतच रक्ताचे डाग पडले आहेत. फूल कुठले आणि डाग कुठला, हे जवळ जाऊनच ओळखावे लागते. हा आक्रोश नाही. हा थंड डोक्याने केलेला हिशेब आहे, आणि म्हणूनच तो सहन होत नाही. पुढच्याच वर्षी, 1940 च्या डिसेंबरात, त्या दोघांनी पुन्हा लग्न केले, तरी चित्र खोटे ठरले नाही.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे, आणि माझी खरी पंचाईत तिथे सुरू होते. विरह रंगवण्यात आपली लघुचित्रे कुणाला हार जाणार नाहीत. संकेतस्थळी प्रियकर आला नाही म्हणून दागिने उतरवून भुईवर फेकणारी विप्रलब्धा मला सर्वांत जवळची वाटते. जम्मूकडच्या बसोलीच्या सतराव्या शतकातल्या, नायिकांची वर्णने करणाऱ्या 'रसमंजरी' या संस्कृत ग्रंथावरच्या चित्रांत दागिन्यांतल्या पाचूंच्या जागी भुंग्याच्या पंखांचे हिरवे चकचकीत तुकडे चिकटवलेले असत. पण आपल्या परंपरेने प्रेमातल्या अवस्थांवरून ठरवलेल्या आठही नायिका एकेक करून डोळ्यांसमोर आणा. कुणी वाट बघते, कुणी रुसते, कुणी भांडून पस्तावते, कुणी रात्री काट्याकुट्यांतून निघते, कुणाचा नवरा परदेशी आहे. जिचे प्रेम संपून गेले आहे, तो येणार नाही आणि आला तरी उपयोग नाही, अशी नायिका त्या आठांत नाही. मला जी बाई रंगवायची होती तिला या परंपरेत घरच नव्हते.

ज्या प्रसंगानंतर हा प्रश्न मला टोचू लागला, तो आता सांगते. पुण्यातल्या एका कलादालनात माझे प्रदर्शन होते आणि त्यात झोपाळ्याचे एक तैलचित्र होते. माजघरातला सागवानी झोपाळा, पितळी कड्या, आणि फळीच्या अगदी कडेला पाठमोरी बसलेली बाई. ती बाई मी झटक्यात रंगवली. तिच्या पदराला ब्रशचे चार-पाच फटकारेच आहेत. मोकळ्या फळीवर मात्र माझा जीव अडकला होता. वर्षानुवर्षे माणूस बसून लाकडाला जी तुकतुकी येते, ती तेवढ्याच भागावर यावी म्हणून यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाचे पातळ थर जवसाच्या तेलात एकावर एक चढवत, मधला थर वाळायची वाट बघत मी बसत असे. चित्रांना मी नावे देत नसे, नुसते क्रमांक देत असे.

एका संध्याकाळी लग्न ठरलेले एक जोडपे आले. नव्या घरासाठी त्यांना चित्र हवे होते. मुलगी झोपाळ्यापाशी बराच वेळ थांबली, मग तिने त्याला हाक मारली. "बघ ना, ही सरकून बसली आहे. त्याच्यासाठी जागा ठेवली आहे तिने. तो येणार आहे." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हो ना, मॅडम?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. ज्या फळीवर मी माझ्या संसाराचा शेवट रंगवला होता, तिथे ही मुलगी आपल्या संसाराची सुरुवात बघत होती. "तुम्हाला तसं दिसतं ना?" एवढेच मी म्हणाले. तिने आनंदाने मान डोलावली. मुलाने चेक लिहिला. मागच्या बाजूला दोघांसाठी काहीतरी लिहून द्या, असे तिने विनवले, तेव्हा मी नाव आणि तारीख घातली; त्यापुढे पेन चालेना. "किती शांत वाटतं ना हे," असे ती जाताना त्याला म्हणत होती.

त्या रात्री मी तिच्यावर मनातून चिडले होते. हिला बघताच येत नाही, असे वाटले. मग स्वतःवर चिडले, की विकलेच का. चित्र एकदा बाहेर पडले की ते बघणाऱ्याचे, असे एका चित्रकार मैत्रिणीने समजावले. हे वाक्य तेव्हाही मला पटले नाही आणि आजही पटत नाही, कारण त्यात करणाऱ्याची सुटका फार स्वस्तात होते. हळूहळू लक्षात आले की त्या मुलीने जे वाचले ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना शिकवलेले वाचन आहे. एकटी बाई दिसली की कुणीतरी येणार. रागांची चित्रे काढणाऱ्या रागमालेत तोडी रागिणी वीणा घेऊन हरणांत उभी असते तेव्हापासून आपण हेच बघत आलो.

यापलीकडचे लिहायला मला जड जाते. त्या काळात मी सगळ्यांना बजावून सांगत होते की माझ्या बाजूने सगळे संपले आहे. कागदांवर सह्याही झाल्या होत्या. मग माझ्या हाताने त्या बाईला कडेला का बसवले? जिचे संपले ती ऐसपैस मध्ये बसेल. प्रदर्शनाच्या पत्रिकेत 'ही निरोपाची चित्रे आहेत' असे ठणकावून लिहिणारी त्या वेळची मी अजून समोर येते आणि सांगते, की तो निव्वळ रचनेचा निर्णय होता. आकृती मध्ये घेतली तर मोकळ्या जागेला आकारच उरत नाही. तिचे म्हणणे चित्रकार म्हणून बिनतोड आहे. तरीही त्या अनोळखी मुलीला माझ्यापेक्षा जास्त दिसले असावे, ही शंका जात नाही.

तेव्हा माझे दुःख चित्रात दिसत का नाही, याचे सरळ उत्तर मी देऊ शकत नाही. काय दुःख होते याचीच मला पुरती खात्री नसेल तर ते तुम्हाला नेमके कसे दाखवू? सध्या तोच झोपाळा पुन्हा रंगवते आहे. या वेळी बाई फळीच्या मधोमध बसवून पाहिली, आणि चित्राचा तोल गेला. ती आकृती खरवडून काढली आहे. नवी कुठे बसवायची, ते अजून ठरलेले नाही.