प्रश्न आदल्या दिवशी
आज ऑफिसात जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, ऑटिस्टिक, म्हणजे संवादाची आणि आवाज-उजेड जाणवण्याची पद्धत जन्मतः वेगळी असलेला, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये इतका पक्का की सगळ्यांच्या नजरेतून सुटलेला बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, तो बरोब्बर पकडतो, पण मीटिंगमध्ये वर्षभर गप्पच आणि आम्ही आपलं ठरवूनच टाकलेलं की त्याला बोलायला आवडत नाही. गेल्या आठवड्यात त्यानेच मेसेज केला, प्रश्न आदल्या दिवशी लिहून मिळतील का, आणि डोक्यावरची ती ट्यूबलाइट भणभणते ती बंद करता येईल का. बास, एवढंच मागणं! आज ट्यूब बंद, प्रश्न कालच पाठवलेले, आणि हा पठ्ठ्या कागदाचा कोपरा बोटांनी दुमडत दुमडत सलग १० मिनिटं बोलला. माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणीही आहेत, आणि समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांग कर्मचाऱ्यांना कोणत्या सोयी देणार हे लिहिलेलं धोरण, खाजगी कंपन्यांनीही करायचं असतं. आमच्याकडे आहे ते, पण मी आजवर उघडूनही पाहिलं नव्हतं, याचं खरंच वाईट वाटतंय.

निघताना म्हणाला, ताई, उद्याचे प्रश्न पाठवाल ना?

आत्ताच पाठवलेत.