२४ तासांतला पहिला रिप्लाय

एट्सी म्हणजे हातानं बनवलेल्या वस्तू जगभर विकायची वेबसाइट, तिथं चांगल्या दुकानाला मिळणारा स्टार सेलरचा बॅज पाहिजे असेल तर गिऱ्हाइकाच्या पहिल्या मेसेजला २४ तासांच्या आत उत्तर जायला लागतं, आणि हे १०० पैकी ९५ वेळा तरी व्हायला लागतं. हिशोब मागच्या तीन महिन्यांचा धरतात आणि दर महिन्याच्या १ तारखेला बघतात. बाकीच्याही अटी आहेत, म्हणजे वेळेत पार्सल पाठवणं ९५ टक्के, रेटिंगची सरासरी ४.८, तीन महिन्यांत कमीत कमी ५ ऑर्डर आणि ३०० डॉलरची विक्री, पण त्या सगळ्यांबद्दल लोक बोलतात. मेसेजबद्दल कुणी फार सांगत नाही. माझ्या मते एकट्यानं चालवायच्या दुकानाला सगळ्यात जास्त घाम फोडणारी अट हीच आहे, म्हणून आज फक्त तिच्यावर लिहिते.

मी कोल्हापुरी चपला विकते. सुभाषनगरातल्या एका मामांकडनं बनवून घेते, परदेशातल्या एट्सीवरनं जातात, देशातल्या अ‍ॅमेझॉनवरनं.

आधी टक्क्यांचं गणित नीट बघा कारण ते छोट्या दुकानाला फार कडक पडतं. तीन महिन्यांत १०० नवीन मेसेज आले आणि ४ राहून गेले तर ९६ टक्के, काही बिघडत नाही. पण आपल्यासारख्यांना तीन महिन्यांत १५ च नवीन मेसेज आले आणि त्यातला १ राहिला तर ९३.३ झाले, गेला बॅज. १९ मधला १ राहिला तरी ९४.७. पुरते २० मेसेज असतील तेव्हा कुठं एकाची मुभा मिळते. म्हणजे दुकान जेवढं लहान तेवढं एकही मेसेज चुकवून चालत नाही, हे सुरुवातीलाच डोक्यात बसलेलं बरं. मोजतात तो फक्त नवीन बोलण्यातला पहिला मेसेज, पुढची उत्तरं मोजत नाहीत, पण म्हणून पुढं कुणाला ताटकळत ठेवू नये, पैसे देणारं माणूस तेच असतं.

आता वेळेचं बोलू. रविवार, दसरा, लग्नसराई काही सुटत नाही, घड्याळ चालूच असतं. पण अमेरिकेचं गिऱ्हाईक असेल तर आपली सकाळ फार कामाची आहे. त्यांच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं आणि कॅलिफोर्निया साडेबारा तास मागं, म्हणजे मी सकाळी आठला उत्तर लिहिलं तर तिकडं न्यूयॉर्कला रात्रीचे साडेदहा आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. ती बाई अजून जागी असते, फोन हातात असतो, लगेच पुढचा प्रश्न विचारते आणि बऱ्याचदा तिथंच ऑर्डर पडते. तेच उत्तर मी दुपारी दोनला दिलं तर नियम पाळला जातो पण ती झोपलेली असते, सकाळी उठून ऑफिसला पळते, आणि चप्पल विसरून जाते. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं एक तास मागं जातात, तेव्हा आठचे तिकडं साडेनऊ होतात, तरी चालतं. सकाळचा चहा झाला की आधी मेसेज, मग बाकी सगळं, असं मी ठरवून टाकलंय आणि रात्री झोपायच्या आधी एकदा बघते. दिवसभर फोन हातात धरून बसायची गरज नाही. लोक उगाच घाबरून मिनिटामिनिटाला अ‍ॅप उघडतात, २४ तास ही भरपूर वेळ आहे, फक्त दिवसातनं दोनदा ठरल्या वेळी बघायला पाहिजे.

प्रश्न कुठले येतात तर निम्मे साइजचे. मी यूएस ८ घालते, कुठला नंबर घेऊ. आपले नंबर साधारण यूकेसारखे, बायकांच्या यूएस नंबरात आणि त्यात दोनाचा फरक, म्हणजे ८ वालीला आपला ६. पण एवढ्यावर मी ऑर्डर घेत नाही. कागदावर उभं राहायचं, पूर्ण वजन टाकून, बसून नाही, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती फिरवायची आणि टाचेपासनं सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटिमीटर मोजायचे. सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट पुढं असतं. हा मजकूर सेव्ह केलेल्या उत्तरात ठेवलाय आणि फोटो काढून लिस्टिंगमध्ये, म्हणजे साइटवरच्या चपलेच्या पानावरपण टाकलाय, त्यामुळं साइजचे मेसेज खरंच कमी झाले. न आलेल्या मेसेजला उत्तर द्यायला लागत नाही, त्यामुळं जो प्रश्न परत परत येतो त्याची जागा लिस्टिंगमध्ये. पाण्यात घातली तर काय होतं, करकर आवाज येतो का, नवीन चामड्याचा वास किती दिवस राहतो, रंग नंतर गडद होतो का, सगळं तिथंच लिहा.

पण काही प्रश्नांचं उत्तर माझ्याकडं नसतंच. पट्टा अर्धा इंच सैल करून मिळेल का, वरची वेणी वेगळ्या रंगात होईल का, कातडं बाभळीच्या सालीत कमावलेलं आहे की केमिकलमध्ये. ह्याचं उत्तर मामा देणार, आणि मामा कातडं कापायला बसले की फोन उचलत नाहीत, नि उचलू पण नये, एक कट चुकला तर अख्खा तळ वाया. आणि नवीन विकणारी माणसं इथंच अडकतात. त्यांना वाटतं पूर्ण उत्तर मिळाल्याशिवाय लिहायचं कसं, मग मामांची वाट बघत बसतात आणि तास निघून जातात. अहो, नियम पहिला रिप्लाय मागतोय, अख्खं उत्तर नाही मागत. मी लगेच लिहिते की तुमचा मेसेज वाचला, पट्ट्याचं काम कारागीर करतात, त्यांना विचारून गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगते, तोवर पायाचं माप पाठवून ठेवा. ह्यात तीन गोष्टी आल्या, मला काय माहितीय, कुणाला विचारणार, परत कधी लिहिणार. आणि गुरुवारी लिहायचंच, मामांचं उत्तर आलं नसलं तरी लिहायचं. तो दिवस कुठलं मशीन मोजत नाही पण गिऱ्हाईक बरोबर मोजतं.

हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं २०२५ च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा काय झालं ते परदेशात पार्सल पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात असेल. अमेरिकेत ८०० डॉलरच्या आतल्या मालाला ड्युटी, म्हणजे आयात कर, लागायची नाही, ती सूट २९ ऑगस्टपासनं बंद झाली, आणि भारताच्या मालावर २७ ऑगस्टपासनं ५० टक्के टॅरिफ, म्हणजे तोच आयात कर, लागलं, २७ तारीख म्हणजे गणपती बसला तो दिवस. त्याच्या आधीच २५ ऑगस्टपासनं भारतीय पोस्टानं अमेरिकेची बहुतेक पार्सलं घ्यायची थांबवली होती. घरात आरास चाललेली, गौरीची तयारी, आणि इकडं एकामागं एक मेसेज. माझं पार्सल कुठाय, ड्युटी कुणी भरायची, किती भरायची, ऑर्डर रद्द करू का. कुणाकडंच पक्कं उत्तर नव्हतं. मी प्रत्येकीला वेगळं लिहिलं. जिची चप्पल अजून घरात होती तिला लिहिलं की तुमची चप्पल माझ्याकडं कोल्हापुरात आहे, पोस्ट बंद आहे, पैसे परत हवे असतील तर आजच करते, थांबायचं असेल तर दर सोमवारी काय कळलं ते लिहीन. जिची वाटेत होती तिला शेवटचं स्कॅन कुठलं आणि कुठल्या तारखेचं ते लिहिलं. बऱ्याच जणी थांबल्या. १५ ऑक्टोबरला पोस्टाची सेवा परत सुरू झाली, ड्युटी इथंच आधी भरून पाठवायची सोय झाली, तेव्हा त्यांना पाठवताना मला जे समाधान मिळालं ते बॅजपेक्षा मोठं होतं, हे मनापासनं सांगते. माल अडकला म्हणून माणूस एवढं चिडत नाही, समोरनं आवाजच येत नाही म्हणून चिडतं.

ऑटो-रिप्लायबद्दल सगळे विचारतात. एट्सीवर तो लागोपाठ पाच दिवसांपर्यंत लावता येतो आणि उत्तर दिलं असंच धरतात, म्हणजे नियमात बसतो. गौरी-गणपतीत, घरात आजारपण असताना, प्रवासात जरूर लावा, त्यात काही लबाडी नाही. पण त्यात नुसतं धन्यवाद लवकरच संपर्क करू असलं लिहू नका, त्यानं कुणाचं काय भलं होतंय? मी परत कधी येते ती तारीख, माप कसं घ्यायचं, आणि पाठवलेल्या पार्सलचं ट्रॅकिंग कुठं दिसेल एवढं घालते. बाईला निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

अ‍ॅमेझॉनचं वेगळं आहे पण २४ तास तिथंही आहेत आणि सुट्ट्याही धरतात. तिथं एक बटण लक्षात ठेवा, उत्तराची गरज नाही असं मार्क करायचं. गिऱ्हाइकानं नुसतं थँक्यू लिहिलं तरी तो मेसेज उत्तर न दिलेला म्हणून लटकत राहू शकतो, तो तिथनं बंद करायचा. ईमेलवरनं रिप्लाय करत असाल तर खात्यात जो ईमेल दिलाय त्यावरनंच करा. आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर देणं, बाहेरच्या साइटची लिंक देणं, चांगला रिव्ह्यू द्या म्हणणं, हे मेसेजमध्ये चालत नाही. मदत करायच्या भरात आपल्याकडनं नंबर पटकन लिहिला जातो, तो लिहू नका. गिऱ्हाइकाची तक्रार असेल आणि ४८ तासांत तुम्ही सोडवली नाही तर ते ए-टू-झेड क्लेम, म्हणजे अ‍ॅमेझॉनकडंच पैसे परत मागायचा दावा, लावू शकतात, आणि मग प्रकरण तुमच्या हातात राहत नाही.

एक सावधगिरी, नवीन दुकानवाल्यांनी हे नीट वाचा. दुकान उघडलं की पहिल्याच आठवड्यात सपोर्ट टीम असं नाव लावून मेसेज येतात, तुमचं खातं बंद होणार, ह्या लिंकवर जा, हा क्यूआर स्कॅन करा, कार्ड नंबर टाका. २४ तासांच्या भीतीनं लोक त्यालाही रिप्लाय करतात आणि फसतात. त्याला उत्तर द्यायचं नाही, लिंक उघडायची नाही, स्पॅम म्हणून मार्क करायचं. स्पॅम केलेला मेसेज टक्क्यात धरत नाहीत, त्यामुळं बॅजची काळजी करू नका.

आणि देशात विकत असाल तर आपला कायदा पण आहे, २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम. मार्केटप्लेसवर विकणाऱ्यानंही तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात ती मिटवायची. छोट्या दुकानात तो अधिकारी म्हणजे आपणच. बघा, तिथंही आधी पोच आणि मग निवाडा, असेच दोन टप्पे केलेत.

माझी सेव्ह केलेली उत्तरं, साइजचं, पोस्टाचं, कारागिराला विचारून सांगते वालं, इंग्रजीत आहेत. चपला, पैठणीच्या पर्सा, सावंतवाडीची लाकडी खेळणी, काहीही विकत असाल आणि हवी असतील तर मागा, पाठवून देते, फक्त त्यातलं मालाचं वर्णन आपलं आपण बदलून घ्या.